पेरणीचा डाव

माझ्या तासाला पोरं येत नसत, याचं खापर मी बरीच वर्षं वेळापत्रकावर फोडलं. तास जेवणानंतरचा, खोली पश्चिमेची, पंखा असा की स्वतःच्याच वाऱ्याला घाबरून हळू फिरायचा. कारणं मला लागतील तेवढी सुचायची. मग एका वर्षी तास सकाळी पहिला आला, खोली पूर्वेची मिळाली, पंखाही नवा बसला. पोरं तरीही आली नाहीत. आता कारण म्हणून फक्त मी उरलो.

परभणीजवळच्या एका शेतकी कॉलेजात मी सांख्यिकी शिकवायचो. पोरं सगळी शेतकऱ्यांची, नाहीतर शेतात राबणाऱ्यांची. कीटकशास्त्राच्या तासाला त्यांना ओळखीचे किडे भेटायचे, मृदाशास्त्रात ओळखीची माती. सांख्यिकीत ओळखीचं कुणीच नव्हतं. मी नाणं उडवायचो आणि विचारायचो, "छापा पडण्याची शक्यता किती?" एकदा मागच्या बाकावरून उत्तर आलं, "नाणं कुणाचं हाय त्याच्यावर हाय, सर." वर्ग हसला. माझ्या तासाला पोरं हसल्याची ती पहिलीच वेळ. मी काय करावं? हे उत्तर का चूक आहे ते मी फळ्यावर सिद्ध करून दाखवलं. दुसऱ्या दिवशी तो बाक रिकामा.

घरीही बोलायला कुणी नव्हतं. बायको चारठाण्याला जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवायची आणि तिची बदली दरवर्षी 'होईल, होईल' अशी व्हायची. शनिवारी एसटीनं मी तिकडं जायचो. गेलो की ती माझ्यासाठी वेगळा टॉवेल काढायची, चहाबरोबर बशीत बिस्किटं मांडून आणायची आणि "प्रवास बरा झाला का?" असं विचारायची. रविवारी संध्याकाळी पाहुणा परत निघायचा. क्वार्टरवर येऊन कुलूप काढायचं, आतला कोंदट वास बाहेर सोडायचा, आणि शेजारच्यांच्या रेडिओवर आपणही बातम्या ऐकून घ्यायच्या. माझा दिवस असा जायचा की संध्याकाळी घसा खाकरला तर स्वतःच्याच आवाजानं दचकायला व्हायचं.

अशात कॉलेजात संगणक आला. एकच. हिरव्या अक्षरांचा काळा पडदा, खाली टाइपरायटरसारखी पाटी, आणि बाजूला बंद दार असलेला लांबट तोंडाचा डबा. त्यात फ्लॉपी नावाची काळी चौकोनी चकती घालायची. त्याच्यासाठी खोली रंगवली, खाली जाजम घातलं, एसी बसवला. आख्ख्या कॉलेजात एसी प्राचार्यांनाही नव्हता. दाराबाहेर पाटी लागली, 'पादत्राणे येथे काढावीत'. आकड्यांशी संबंध म्हणून किल्ली माझ्याकडं आली.

किल्ली देताना विभागप्रमुखांनी अट सांगितली. "हे यंत्र विद्यार्थ्यांसाठी आलंय, पण लेखा विभाग पगारपत्रकं काढायला मागतोय. दिवाळीच्या सुट्टीआधी प्राचार्य येऊन बघतील. पोरं शिकताना दिसली तर राहील इथं. न्हाईतर उचलायचं."

मी मान डोलावली. यंत्राचं मला फारसं काही नव्हतं. पण आता एक खोली होती, तिला दार होतं, आणि त्या दारातून कुणीतरी आत येण्याची शक्यता होती. शक्यता हा तर माझा विषयच!

आणि काय सांगू, पहिल्याच आठवड्यात खोली भरली. दाराबाहेर चपलांचा ढीग, आत पोरं भिंतीला टेकून मांडी घालून बसलेली. मी हरखून गेलो. फ्लॉपी हातात धरून मी त्यांना भाषण दिलं. त्या फ्लॉपीच्या कव्हरला एक लांबुळकी खिडकी असते आणि तिच्यातून आतली तपकिरी चकती दिसते. मी जरा रंगात आलो आणि म्हणालो, "पोरांनो, या खिडकीत हिचा जीव आहे. सगळं काही इथं आहे." बोलताना माझा आवाज थोडा कापलाही असावा. पोरांनी श्रद्धेनं खिडकीकडं पाहिलं. हे वाक्य पुढं मला किती महागात पडणार आहे याची मला कल्पना नव्हती.

मग एका दुपारी वीज गेली आणि क्षणात खोली रिकामी झाली. शेवटचा पोरगा चपला शोधताना दुसऱ्याला म्हणाला, "चल बे, गार हवाच न्हाई तर काय करायचं इथं?"

त्या रात्री नव्हे, त्याच दुपारी, अंधारलेल्या खोलीत घाम पुशीत बसलो असताना माझ्या मनात आलं की यांना गारव्यासाठी यायचंय तर येऊ दे. पण आल्यावर काहीतरी खेळायला द्यावं. पोरं हॉस्टेलवर तासन् तास पत्ते खेळतात, त्यात हिशेब मनातल्या मनात करतात, समोरच्याकडं राजा असण्याची शक्यता अचूक ओळखतात, आणि माझ्या पेपरात त्याच प्रश्नाला भोपळा काढतात. म्हणजे सांख्यिकी त्यांना येत होती. नको होता तो मी.

म्हणून मी खेळ लिहायला घेतला. संगणकाची भाषा मला पुस्तकापुरती येत होती. खेळाला नाव दिलं 'पेरणी'. मराठीच, पण इंग्रजी अक्षरांत, कारण यंत्राला देवनागरी येत नव्हती. आपल्याकडं कोरडवाहू रान आहे. ज्वारी, कापूस, तूर की मूग ते निवडायचं. मृगात पेरायचं की आर्द्राची वाट बघायची ते ठरवायचं. मग यंत्र एकेक नक्षत्र पुढं सरकवणार, पाऊस पडला की नाही ते सांगणार, मधे मावा किंवा बोंडअळी सोडणार, आणि शेवटी पडद्यावर पीक किती आलं ते दाखवणार. कोणत्या नक्षत्रात पावसाची शक्यता किती, हे ज्याला उमगलं तो जिंकणार. मी स्वतःवरच खूश होतो. शनिवारी चारठाण्याला जाऊन बायकोला सगळं सांगितलं.

"म्हंजे तुमी कॉलेजातल्या पोरांना खेळ खेळायला लावायलाव?" ती म्हणाली.

"खेळता खेळता शिकतील."

"आमच्या पहिलीतल्या पोरांना आमी चिंचोके देतो," ती म्हणाली. "तेवढ्यासाठी एसी कशाला?"

मी वेगळ्या टॉवेलला हात पुसले आणि विषय बदलला.

एकाच यंत्रासमोर सगळा वर्ग कसा बसणार? म्हणून मी जोड्या पाडल्या. पोरांवर सोपवलं असतं तर जोड्या कशा पडल्या असत्या ते ठाऊक होतं. विद्यापीठाच्या नामांतराच्या वादाची वर्षं होती. वर्तमानपत्रात एखादी बातमी आली की त्या दिवशी मेसमधली टेबलं न सांगता वेगळी व्हायची, एकाच खोलीतली पोरं वेगवेगळ्या वेळी जेवायला जायची. मी त्यावर काही बोलण्याइतका धीट नव्हतो. मी आपला हजेरी क्रमांक धरला आणि ओळीनं दोन दोन पोरं बसवली. असा शौर्याचा प्रकार.

पहिली जोडी जमली ती एका वालूरच्या आणि एका चुडाव्याच्या पोराची. आमच्याकडं हॉस्टेलवर पोरांना गावाच्याच नावानं हाका मारायची रीत. वालूरच्याच्या बापाची विहिरीवरची मोठी जमीन होती, आवाजही तसाच खणखणीत. चुडाव्याच्या घरी जमीन अगदी थोडी, आई-बाप दुसऱ्यांच्या रानात जायचे. बौद्ध कुटुंबातला, कमी बोलणारा, पण बोलला की समोरच्याला थांबावं लागायचं. दोघांत खुर्ची एकच होती. ती कुणी घ्यायची यावर दोघंही पहिल्या दिवशी उभेच राहिले.

"काय पेरायचं?" मी विचारलं.

"कापूस," वालूर म्हणाला.

"कापसानं मरायचंय का? मूग टाक," चुडावा म्हणाला. "पोळ्यापर्यंत हातात येतो."

"मुगानं कुणी बंगला बांधला का रे?"

"बंगला कोण मागायलाय? खायचं काय ते सांग."

मी मधे बोलणार होतो, पण बरं झालं, सुचलं नाही. त्यांनी कापूस पेरला आणि बुडाले. चुडावा नुसता हसला. दुसऱ्या डावाला वालूर म्हणाला, "घाल लेका तुझा मूग."

आठवडाभरात पोरं वीज गेली तरी दाराबाहेर थांबायला लागली. मी दहा वेळा बाहेर येऊन चपला मोजल्यासारखं करायचो आणि आत जायचो. पण माझं सुख फार दिवस निर्दोष राहत नाही. एका जोडीनं शोध लावला की काहीच पेरलं नाही तर खर्च शून्य, नुकसान शून्य, आणि पडीक रान ठेवणारा कायम वरच्या क्रमांकावर! वर्गातल्या दोन मुलींनी लागोपाठ सगळे डाव असे जिंकले होते. त्यातली एक म्हणाली, "सर, तुमच्या खेळात शेती न करणाराच सुखी हाय." आणि दुसरी म्हणाली, "माझे बाबा बी हेच म्हणत्यात. त्यांना बोलवू का खेळायला?" मी घाईघाईनं पडीक रानाला काँग्रेस गवताचा दंड लावला.

ही चूक निदान हसण्यावारी गेली. दुसरी त्याहून भारी होती. पोरांचे अंदाज हळूहळू फारच बरोबर यायला लागले. कुणी म्हणायचं, "पहिल्या डावात आर्द्रा कोरडं जाणार," आणि जायचं. "तिसऱ्या डावात मघा झोडपणार," आणि झोडपायचं. मी विभागप्रमुखांना अभिमानानं सांगितलं की पोरांना संभाव्यतेचं मर्म कळलंय. ते म्हणाले, "वा!" मी म्हणालो, "प्रयत्न आहेत, सर."

मर्म वेगळंच होतं. यंत्राला आपण 'मनाला येईल तो आकडा काढ' म्हटलं तरी त्याला मन नसतं. आधी एक आज्ञा द्यावी लागते, नाहीतर ते चालू केल्यावर दर वेळी तेच आकडे त्याच क्रमानं काढतं. ती आज्ञा मी दिली नव्हती. पुस्तकात ती पुढच्या पानावर होती आणि मी त्या पानापर्यंत पोचायच्या आतच पेरणी केली होती. म्हणजे शक्यता शिकवणाऱ्या मास्तरनं असा पाऊस पाडला होता जो रोज सकाळी त्याच्या त्याच वेळी येत होता. अख्ख्या हॉस्टेलला तो पाठ होता.

हे मला सांगितलं चुडाव्यानं. सगळे गेल्यावर तो चपला घालता घालता मागं फिरला. "सर, एक विचारू? राग नका येऊ देऊ. तुमचा पाऊस ठरलेला हाय का?"

मी आधी "छे!" म्हणालो. मग यंत्र बंद करून चालू केलं. पहिला डाव. आर्द्रा कोरडं. पुन्हा बंद, पुन्हा चालू. आर्द्रा कोरडं.

"तुला कधी कळलं?" मी विचारलं.

"लय दिवस झाले."

"मग बोलला का नाहीस?"

"वालूर बोलू देत नव्हता. म्हणे सर खूश हायेत, ऱ्हाऊ दे."

पोरं येत होती, जिंकत होती, ती मला बरं वाटावं म्हणून की काय? हा प्रश्न कुणाला विचारता येण्यासारखा नव्हता. चुडावा मात्र तिथंच बसला. मी ते पुढचं पान उघडलं, दोघांनी मिळून ती आज्ञा घातली. आणि मग त्यानंच विचारलं, "पण सर, आर्द्रात पावसाची शक्यता तुमी किती धरली? कशावरून?"

मी अंदाजानं धरली होती. तसं सांगितलं.

दुसऱ्या दिवसापासून जे झालं ते मी फळ्यावर आयुष्यभर लिहूनही घडवू शकलो नसतो. पोरं कॉलेजच्या वेधशाळेत गेली. तिथं जुन्या पावसाच्या नोंदी धूळ खात होत्या. त्यांनी नक्षत्राप्रमाणं पाऊस वेगळा केला, सरासरी काढली, आणि सरासरीवर भांडली. "सरासरीला काय चाटायचंय?" वालूर ओरडला, "एका साली पूर आणि एका साली ठणठणाट, सरासरी मस्त! पीक सरासरीवर येतं का?" आकड्यांची पसरण म्हणजे काय, हे मी इतकी वर्षं सांगत होतो आणि या पोरानं ते शिवी दिल्यासारखं सांगितलं होतं. मला त्याला मिठी मारावीशी वाटली. मी म्हणालो, "बरोबर आहे. बाब महत्त्वाची आहे." असा मी.

मग एक दिवस नामांतरावरून शहरात बंद झाला. मोंढ्यातला बाजार बंद, एसट्या बंद, रस्त्यावर पोलीस. मेसमधली टेबलं वेगळी झाली. मी खोली उघडून बसलो. कुणी येईना. एसीची घरघर तेवढी. दुपारी चुडावा आला, दाराशी चपला काढल्या, बसला. थोड्या वेळानं वालूर आला. दोघंही एकमेकांकडं न बघता पडद्याकडं बघत होते.

"सर," चुडावा म्हणाला, "या डावात बंद न्हाई. माल निघाला आणि बाजारच बंद, असं व्हतंच की."

"कुणाचा बंद?" वालूर पडद्याकडं बघतच म्हणाला.

खोलीत एकदम एसी मोठ्यानं वाजायला लागला असं मला वाटलं. मी घाईनं म्हणालो, "बंद म्हणजे बंद. बाजार मिटला, एवढंच. त्याला बाजू नसते."

"तुमाला सोपं हाय, सर," चुडावा म्हणाला. रागानं नाही. एखाद्याला वेळ सांगावी तसं.

मी खेळात एक ओळ वाढवली, 'बाजार बंद'. ती दोघांनाही पुरेशी वाटली नाही. पण दोघांनाही ती सारखीच अपुरी वाटली, आणि तेवढ्यावर त्यांनी तूर पेरली.

दसरा जवळ आला. दसऱ्याची सुट्टी संपेल त्याच दिवशी सकाळी प्राचार्य यंत्र बघायला येणार असा निरोप आला. खंडेनवमीला आपल्याकडं नांगर, विळे, तराजू, जे हातात असेल त्याची पूजा होते. पोरं म्हणाली, "सर, संगणकाची पूजा पायजेच." मी म्हणालो, "अवश्य." मी पेढेही आणले. खोली झेंडूनं भरली होती. उदबत्ती, नारळ, सगळं साग्रसंगीत. चुडावा नव्हता. दसऱ्याला त्याच्या घरचे सगळे नागपूरला दीक्षाभूमीला जात, तो आदल्या दिवशीच रेल्वेनं गेला होता. मी पडद्याला नमस्कार केला, एका पोरानं मलाही कुंकू लावलं, मी भारावलो. त्या भारावलेपणात टेबलावर काय काय मांडलंय ते मी नीट पाहिलंच नाही. पेढे वाटले, कुलूप लावलं. आणि एक शहाणपणा केला. माझ्या हातून काही बिघडू नये म्हणून प्राचार्य येईपर्यंत यंत्राला हात लावायचा नाही असं ठरवलं. आयुष्यात पहिल्यांदाच मी काळजी घेतली होती.

सुट्टी संपली त्या सकाळी प्राचार्य आले, विभागप्रमुख आले, चपला-बूट काढून आत बसले. पोरं भिंतीला. मी फ्लॉपी यंत्रात सरकवली. आतून खर्रर्र असा आवाज आला, जसा जात्यात खडा सापडल्यावर येतो. पडदा कोरा. पुन्हा खर्रर्र. मी फ्लॉपी बाहेर काढली.

खिडकीत हळद-कुंकू. नीट, मधोमध, बोटानं ओढलेलं. वर दोन अक्षता.

"हे कुणी केलं?" मी विचारलं.

"आमी, सर," वालूर कौतुकानं म्हणाला. "तुमीच म्हणालावत ना, जीव तिथं हाय म्हणून. मग कुंकू कव्हरला लावायचं का?"

"दुसरी प्रत होती ना?" विभागप्रमुखांनी विचारलं.

होती. तिलाही कुंकू लावलं होतं. पंक्तिभेद नको म्हणून.

एवढ्यात दारात चुडावा उभा. स्टेशनवरून थेट आलेला, पिशवी खांद्याला. त्यानं माझ्या हातातली फ्लॉपी पाहिली, मग वालूरकडं पाहिलं. "जीवावरच घातलं की रे," तो म्हणाला. वालूर म्हणाला, "तू थांबला असता तर नसतं लावलं. गेला तू तिकडं." "आता माझ्यावर आण," चुडावा म्हणाला, आणि पिशवी खाली ठेवली.

प्राचार्य घड्याळ बघायला लागले. मी काहीतरी बोलायला तोंड उघडलं, पण वालूरच पुढं झाला. "सर, यंत्र राहू द्या. आमी फळ्यावर खेळून दाखवतो."

सगळी वरात बाजूच्या वर्गात गेली. मेसमधून तांब्या आणला. पोरांनी कागद फाडून चिठ्ठ्या केल्या. मृगासाठी तांब्यात पावसाच्या चिठ्ठ्या इतक्या, कोरड्या इतक्या. मग आर्द्रा, मग पुनर्वसू. कशात किती घालायच्या यावर क्षणभरही अडलं नाही, सगळ्यांना तोंडपाठ. प्राचार्यांनी मधेच विचारलं, "आर्द्रात कोरड्या चिठ्ठ्या एवढ्या का?" चुडाव्यानं वेधशाळेच्या नोंदींवरून समजावून दिलं. वालूरनं सरासरीवर कसं विसंबू नये ते सांगितलं, शिवी गाळून. प्राचार्यांना राहवेना. "मी कापूस पेरतो," म्हणाले. बोंडअळीची चिठ्ठी निघाली. "पुन्हा!" म्हणाले. पुन्हा गेला. तिसऱ्यांदा त्यांनी शर्टाच्या बाह्या वर केल्या आणि तूर घेतली. अख्खा वर्ग आरडाओरडा करत होता, मी एका कोपऱ्यात खडू धरून उभा होतो, आणि खोटं कशाला बोलू, माझे डोळे भरले होते.

डाव संपला तेव्हा प्राचार्य माझ्याकडं वळले. "उत्तम! असं शिकवणं मी पाहिलं न्हाई. आणि तेही यंत्राशिवाय!"

मला एवढं कौतुक पचवायची सवय नव्हती. जीभ सैल सुटली. मी छाती काढून म्हणालो, "यंत्राची गरजच नाही, सर! खेळ पोरांच्या डोक्यात आहे."

वाक्य तोंडातून बाहेर पडलं आणि मला त्याचा अर्थ दिसला. विभागप्रमुखांनी प्राचार्यांकडं पाहिलं. प्राचार्य म्हणाले, "मग लेखा विभागाची अडचण तर मिटलीच."

दोन दिवसांनी यंत्र गेलं. झेंडूच्या वाळक्या माळेसकट गेलं. पोरं दाराशी उभी होती.

"कामून म्हणालाव तसं, सर?" चुडाव्यानं विचारलं.

"खरं होतं म्हणून," मी म्हणालो.

"खरं होतं," तो म्हणाला. "पण आता बसायचं कुठं?"

एसी काढून नेला. खोलीत बियाण्यांची पोती आली. पोरं परीक्षेपर्यंत माझ्या तासाला येत राहिली, सगळी पास झाली, वालूरला तर प्रथम श्रेणी मिळाली. पुढच्या सत्रात त्यांना माझा विषयच नव्हता. वाटेत भेटली की नमस्कार करायची, मी "काय म्हणता?" विचारायचो, ती "बरं हाय, सर" म्हणायची. नव्या वर्गाला मी नाणं उडवून दाखवायला लागलो. चारठाण्याला बायकोला सगळं सांगितलं, तेव्हा ती पहिल्यांदा खूप हसली, मग एकदम थांबून म्हणाली, "तुमाला वाईट वाटायलंय का?" मी म्हणालो, "छे." तिनं त्या दिवशी बिस्किटांऐवजी भजी केली.

थंडीत एका संध्याकाळी मी हॉस्टेलवरून चाललो होतो. काही काम नव्हतं, खरं तर रस्ताही माझा तो नव्हता. मेसच्या व्हरांड्यातून ओरडा ऐकू आला, "आर्द्रा! काढ चिठ्ठी, आर्द्रा!" मी थांबलो. टेबलं जोडून पोरं बसली होती, मधे तांब्या. नवे नियम झाले होते. कुणी 'बैल आजारी' म्हणून ओरडलं, कुणी 'बंद'. त्यावर वालूर म्हणाला, "कुणाचा?" आणि चुडाव्यानं टेबलावर हात आपटून म्हटलं, "आज माझा!" आणि सगळे हसले. खेळ मी केला होता त्याहून खूपच पुढं गेला होता. 'बंद'च्या किती चिठ्ठ्या घालतात ते विचारावं असं मला फार वाटलं.

कुणाचं तरी लक्ष गेलं. बाकं सरकली, सगळी उभी राहिली. "सर! काही काम होतं का?"

"नाही, नाही. इकडून चाललो होतो."

"बसा की सर, एक डाव," वालूर म्हणाला. त्यानं खांद्यावरच्या टॉवेलनं खुर्ची पुसली.

मी बसलो. पोरं एकदम शहाणी झाली. कुणी ओरडेना, कुणी कुणाला 'लेका' म्हणेना. मी कापूस पेरला. मृगात पाऊस आला. आर्द्रात आला. पुनर्वसूत, पुष्यात, मघात, हवा तेव्हा आणि हवा तेवढा. मावा नाही, अळी नाही, बाजार सताड उघडा. चिठ्ठी काढणारा पोरगा दर वेळी तांब्यात जरा जास्तच वेळ हात घालत होता. माझ्या रानात असं पीक आलं की परभणी जिल्ह्यात कुणी पाहिलं नसेल.

"जिंकलाव, सर!" सगळे म्हणाले.

असं होण्याची शक्यता मी मनात काढली. ती काढायची सवयच आहे. मग मी उठलो, म्हणालो, "छान झालंय. चालू द्या."

मेसच्या फाटकापर्यंत पोचलो नसेन, मागं पुन्हा आरडाओरडा सुरू झाला. कुणाचा तरी कापूस बुडाला होता.